चाकामागची काडेपेटी

आमच्या देवघराच्या फळीवर पत्र्याचा एक डबा आहे. त्यात वातींची पुडी, कापराच्या वड्या आणि माझ्या सासऱ्यांचं मोटार चालवण्याचं लायसन आहे. तळहातात मावेल अशी कापडी पुठ्ठ्याची पुस्तिका. आत काळी टोपी घातलेला त्यांचा फोटो आणि पुढची सगळी पानं नूतनीकरणाच्या शिक्क्यांनी भरलेली. लायसन निघालं 1952 साली, बेळगावात. बेळगाव तेव्हा मुंबई राज्यात होतं, म्हणून पहिल्या पानावर मुंबईचं नाव. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची फेररचना झाली, बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि पुढचे शिक्के म्हैसूरचे आले. 1973 मध्ये म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं, तेव्हापासूनच्या पानांवर कर्नाटक. मामंजींनी ना गाव बदललं होतं ना काम. एका डॉक्टरांची गाडी ते वर्षानुवर्षं चालवत होते. पुस्तिका हातात घेऊन ते म्हणायचे, ‘राज्यं तीन झाली, चढ त्योच की.’

चढ म्हणजे त्यांच्या परीक्षेतला चढ. ती हकिकत आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. इन्स्पेक्टर साहेबांनी त्यांना गाव फिरवून आणलं, हाताचे इशारे करून घेतले, दोन बांबूंच्या मधून गाडी मागे घ्यायला लावली आणि शेवटी एका चढावर गाडी उभी करायला सांगितली. साहेब खाली उतरले. खिशातून काडेपेटी काढली आणि मागच्या चाकाच्या पाठीमागे, चाकाला जवळजवळ चिकटवून, उभी ठेवली. म्हणाले, आता पुढे घे. हँडब्रेक सोडणं, क्लच अर्धा उचलणं आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबणं या तीन गोष्टी एका श्वासात जमल्या तरच गाडी मागे न येता पुढे सरकते. बोटभर जरी मागे आली तरी काडेपेटीचा चुरा. तेव्हाची काडेपेटी पातळ लाकडी फळ्यांची, तिचा आवाज आतपर्यंत ऐकू यायचा. मामंजींना आवाज आला नाही. साहेबांनी काडेपेटी उचलली, तिच्यातल्याच काडीनं बिडी पेटवली आणि कागदावर सही केली.

ती पुस्तिका मी 2024 च्या पावसाळ्यात पुन्हा बाहेर काढली. माझ्या मुलीची मुलगी वीस वर्षांची झाली होती, बंगळुरात गाडीची परीक्षा द्यायला निघाली होती. मामंजींची परीक्षा 1952 ची, माझी 1986 ची आणि तिची 2024 ची. एका घरातल्या तीन परीक्षा शेजारी शेजारी ठेवल्या की या छोट्या सरकारी कसोटीचा इतिहास स्पष्ट दिसतो. आपण अनोळखी माणसाच्या हाती रस्ता सोपवतो, तो काय पाहून, याचा तो इतिहास आहे.

मोटार आधी आली, परीक्षा मागाहून. पॅरिसच्या पोलिसांनी 1893 मध्येच चालकांची चाचणी घ्यायला सुरुवात केली होती. पण ब्रिटननं 1903 च्या कायद्यानं लायसन सक्तीचं केलं तेव्हा त्याला परीक्षा जोडलीच नव्हती. फी भरा, कागद घ्या. तिथं परीक्षा सक्तीची झाली ती 1 जून 1935 पासून, म्हणजे मधली तीस वर्षं लोकांनी रस्त्यावरच शिकून घेतलं आणि त्याची किंमत पायी चालणाऱ्यांनी मोजली. आपल्याकडे मुंबई इलाख्यात 1904 साली मोटारींचा कायदा झाला, देशभराचा पहिला कायदा 1914 चा. मग आला 1939 चा मोटार वाहन कायदा. चालकानं काय काय करून दाखवायचं याची यादी त्यानं एका परिशिष्टात घालून दिली. मामंजींची परीक्षा त्या यादीतली. काडेपेटी मात्र यादीत नव्हती. चढावर गाडी मागे सरकू नये एवढंच कायद्याला हवं होतं. ते डोळ्यांना दिसावं आणि कानांना ऐकू यावं म्हणून कुणा इन्स्पेक्टरनं काडेपेटी शोधून काढली असणार. ही युक्ती कितीतरी गावांतले जुने ड्रायव्हर सांगतात.

त्या काळी परीक्षेची तयारी म्हणजे क्लीनरकी. मोटार शिकवणीचे वर्ग मोठ्या शहरांत. बेळगावसारख्या गावात मुलगा ट्रकवर किंवा एखाद्या मोठ्या घरच्या गाडीवर क्लीनर म्हणून लागायचा. गाडी धुवायची, रेडिएटरमध्ये पाणी भरायचं, सकाळी पुढून हँडल मारून इंजिन चालू करून द्यायचं, चढावर चाकामागे दगड लावायचा. उस्तादाच्या शेजारी बसून वर्ष-दोन वर्षं नुसतं बघायचं. मग एखाद्या मोकळ्या माळावर उस्ताद स्टिअरिंग हाती द्यायचा. मामंजींनी तीन वर्षं अशी काढली. त्यामुळे परीक्षेच्या दिवशी त्यांना नवीन असं काहीच नव्हतं. गियर बदलताना दोनदा क्लच दाबायचा, ज्याला ड्रायव्हर लोक डबल क्लच म्हणतात, तो त्यांच्या पायात इतका मुरला होता की पुढे साध्या गाड्या आल्या तरी सुटला नाही.

मामंजींसारखे लायसनावर पोट भरणारे बंगळुरातही होते. शहरातली खासगी बससेवा 1956 मध्ये सरकारनं हाती घेतली, तिला सगळे बीटीएस म्हणत. 1997 मध्ये तिची बीएमटीसी झाली. वाहतूक खात्याच्या लायसनावर पोट भरणाऱ्यांत ड्रायव्हरच्या बरोबरीनं कंडक्टरही असतो, त्यालाही लायसन लागतं, बिल्ला लागतो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला या बीटीएसच्या बसमध्ये असाच बिल्ला लावून तिकिटं फाडणारा एक मराठी घरातला तरुण होता. शिवाजीराव गायकवाड. पुढे मद्रासला गेला आणि रजनीकांत झाला. बंगळुरातल्या मराठी घरांत ही गोष्ट आजही अभिमानानं सांगतात. मला त्यातला अभिमानाचा भाग थोडा वेगळा वाटतो. बसचा ड्रायव्हर, कंडक्टर, टॅक्सीवाला, ट्रकवाला यांच्या घरात लायसन हे पोट भरण्याचं साधन होतं. जे साधन हरवलं तर चूल विझते, ते माणूस जपून वापरतो.

मी 1979 मध्ये लग्न होऊन मिरजेहून बंगळुरात आले. मल्लेश्वरममध्ये बिऱ्हाड. 1898 च्या प्लेगनंतर मोकळ्या हवेसाठी वसवलेली ही वस्ती, रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना झाडं. जवळच काडू मल्लेश्वराचं देऊळ. तिथल्या 1669 च्या शिलालेखात व्यंकोजीराजांनी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव देवाला दिल्याची नोंद आहे. परक्या शहरात आल्यावर त्या एका दगडानं मला फार धीर दिला. शहर तेव्हा शांत होतं. 1981 च्या जनगणनेत बंगळुरूची लोकसंख्या 29 लाखांच्या आसपास. मामंजी त्याच वर्षी आमच्याकडे राहायला आले. 1985 मध्ये आम्ही जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली, तिला सगळे फियाटच म्हणायचे. मी एका बँकेत नोकरीला होते. एके दिवशी जेवताना मामंजी म्हणाले, ‘सूनबाई, गाडी शीक. घरात गाडी हाय आन् चालवायला एकच माणूस, हे काय बरं न्हवं.’ आमच्या रस्त्यावर तेव्हा गाडी चालवणाऱ्या बायका दोघीच होत्या.

रस्त्यावरचं शिकण्यासाठी मी महिनाभर मल्लेश्वरममधल्या एका मोटार शिकवणीत जात होते. शिकवणारे कन्नड, माझं कन्नड भाजीबाजारापुरतं. ते म्हणायचे, ‘गियर हाकि’. मला वाटे, गाडी हाका म्हणताहेत. कन्नडमध्ये हाकि म्हणजे घाला, टाका. गियर हाकि, ब्रेक हाकि, आणि काठ्यांमधून आठ काढायचा तर तोही हाकायचा, ‘एंटु हाकि’. मराठीत बैल हाकतात, गाडी हाकतात, आणि इथं गियर. पंधरा दिवसांत माझ्या कानात दोन्ही अर्थ एक झाले. एडगडे म्हणजे डावीकडे, बलगडे म्हणजे उजवीकडे, निधान म्हणजे सावकाश. निधान हा शब्द मी सगळ्यांत जास्त ऐकला. आजही चौकात आल्यावर मनात तोच शब्द येतो, मराठी नाही.

संध्याकाळी मामंजींची शिकवणी. त्या फियाटला गियर स्टिअरिंगच्या दांड्यालाच होता. चोक ओढायचा, इंजिन गरम होऊ द्यायचं, मगच निघायचं. ते मला सँकी तलावाकडे न्यायचे. कर्नल रिचर्ड सँकी या इंजिनियरनं 1882 मध्ये बांधवून घेतलेला हा तलाव खोलगट जागी आहे, त्याच्या बांधाकडून रस्ता वर चढतो. तिथं गाडी थांबवून मामंजी खाली उतरायचे आणि काडेपेटी लावायचे. पहिल्या आठवड्यात मी सात काडेपेट्या चिरडल्या. ते एकदाही रागावले नाहीत. चुरा झालेली काडेपेटी उचलून माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, ‘हिच्या जागी कोन असंल ते ध्येनात घे. सायकलवाला असंल, शाळंचं पोर असंल. तुज्या मागं कोन हाय ते तुला दिसत न्हाई, म्हनून गाडी मागं येता कामा न्हाई.’

परीक्षेच्या दिवशी सकाळी काडू मल्लेश्वराला नमस्कार करून आम्ही आरटीओत गेलो. तेव्हा वेळ ठरवून घेण्याची सोय नव्हती, सकाळी जायचं आणि रांगेत उभं राहायचं. फाटकाबाहेर एक एजंट आला. म्हणाला, फोटो द्या, सह्या करा, बाईंनी उन्हात कशाला थांबायचं, लायसन घरी येईल. त्यानं आकडा सांगितला. मामंजींनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांच्या घराची चूल ज्या कागदावर पेटली होती त्या कागदाचा भाव कुणी फाटकाबाहेर सांगावा, याचं त्यांना किती लागलं असेल हे मला नंतर कळलं. परतीच्या वाटेवर ते एवढंच म्हणाले, ‘इकत घेतल्यालं लायसन चढावर मागं येतंय.’

इन्स्पेक्टर साहेब माझ्या शेजारी बसले. हात बाहेर काढून उजवीकडचा इशारा, हात गोल फिरवून डावीकडचा, तळवा खाली करून वेग कमी करण्याचा, हात सरळ वर करून थांबण्याचा. दोन काठ्यांमधून गाडी मागे. मग वस्तीतून एक फेरी आणि शेवटी चढ. काडेपेटी नव्हती, पण मला ती चाकामागे दिसत होती. साहेबांनी विचारलं, मागून अ‍ॅम्ब्युलन्स आली तर काय कराल? बाजूला घेऊन थांबेन. समोर म्हातारा रस्ता ओलांडतोय आणि मागचा हॉर्न वाजवतोय, तर? म्हाताऱ्यासाठी थांबेन. साहेबांनी मान हलवली आणि सही केली. तो दुसरा प्रश्न कुठल्या यादीत होता की त्यांचा स्वतःचा होता, हे मी विचारलं नाही. पण माझ्या परीक्षेतला खरा प्रश्न तोच, असं मी आजही मानते.

त्यानंतर तीनच वर्षांत कायदा बदलला. 1988 चा मोटार वाहन कायदा 1 जुलै 1989 पासून लागू झाला. त्याच्याबरोबर केंद्रीय नियम आले आणि कर्नाटकातल्या गाड्यांच्या पाट्यांवर केए ही अक्षरं आली. बंगळुरातल्या आरटीओंचे आकडे वाचले तरी शहर कसं वाढलं ते कळतं. केए-01 कोरमंगला, 02 राजाजीनगर, 03 इंदिरानगर, 04 यशवंतपूर, 05 जयनगर. एवढ्या पाचांत जुनं शहर संपायचं. मधले आकडे म्हैसूर, बेळगाव आणि बाकी जिल्ह्यांना गेले, बेळगाव केए-22. मग शहर फुगलं आणि पुढचे आकडे परत बंगळुरूकडे आले. 41 ज्ञानभारती, 50 यलहंका, 51 इलेक्ट्रॉनिक सिटी, 53 कृष्णराजपुरम. आज या शहरात नोंदलेल्या वाहनांची संख्या एक कोटीच्या पुढे आहे.

1989 च्या नियमांपैकी पंधरावा नियम म्हणजे पक्क्या लायसनची परीक्षा. तो प्रत्येक शिकणाऱ्यानं एकदा वाचावा. आरसा नीट लावणं, निघण्याआधी सगळीकडे बघणं, सरळ आणि तिरकं सुरक्षित बाहेर पडणं, वरचा आणि खालचा गियर बदलणं, उतारावर गियर कमी करणं, चढावर थांबून मागे न सरकता पुन्हा निघणं, वळण घेणं, ओव्हरटेक करणं आणि दुसऱ्याला करू देणं, इशारे देणं, अरुंद जागेत गाडी मागे घेणं. 1939 च्या यादीचा गाभा पन्नास वर्षांनी तसाच राहिला. कच्चं लायसन सहा महिने चालतं. गाडीवर पांढऱ्या पाटीवर लाल एल लावायचा, पाटी 18 सेंटीमीटर चौकोनी, अक्षर किमान 10 सेंटीमीटर उंच, आणि शेजारी पक्क्या लायसनचा माणूस बसलेला हवा. कच्चं लायसन मिळाल्यापासून तीस दिवस झाल्याशिवाय परीक्षा देता येत नाही. नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा. तीनदा नापास झालात तर साठ दिवस थांबा.

शिकवणी वर्गांनाही या नियमांनी शिस्त घालून दिली. ब्रेक आणि क्लच शिकवणाऱ्याच्या पायाशीही हवेत, हलक्या गाडीचं शिक्षण किमान 21 दिवसांचं आणि त्यात प्रत्यक्ष चालवणं किमान 10 तास. 2021 मध्ये मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचे नियम आले, त्यांत हलक्या गाडीसाठी 29 तासांचा अभ्यासक्रम ठरला, 8 तास वर्गात आणि 21 तास गाडीत. उस्तादाजवळची तीन वर्षं कायद्यानं अशी तासांत मोजली. ते योग्यच झालं. सगळ्यांना क्लीनरकी करता येणार नाही. पण तास मोजले म्हणजे शिकणं झालं, असा समज मात्र घट्ट बसला.

नातीची तयारी मी जवळून पाहिली. इथं कच्च्या लायसनला सगळे एलएलआर म्हणतात. ते तिनं सारथी या सरकारी पोर्टलवर, घरच्या टेबलाशी बसून, आधार क्रमांक देऊन मिळवलं. रस्त्यावरच्या खुणांचे प्रश्न सोडवले आणि कागद छापून घेतला. मग तीस दिवसांची मोजणी सुरू झाली. एकतिसाव्या दिवसाचा स्लॉट मिळावा म्हणून ती रोज पोर्टल उघडून बसायची. शनिवारचे आणि सकाळचे स्लॉट दिसायचे आणि बघता बघता संपायचे. एका शिकवणीवाल्यानं सांगितलं, आमच्याकडून आलात तर तारखेची काळजी नको, ट्रॅकवर करायच्या तेवढ्या पाच गोष्टी आम्ही घोटून घेतो, रस्त्यावर चालवणं काय, नंतर येतंच. 1986 च्या फाटकाबाहेर ऐकलेलं बोलणं मला आठवलं. आता सही विकत मिळत नव्हती, तयारी मात्र परीक्षेपुरती कापून मिळत होती.

तिला स्लॉट मिळाला ज्ञानभारती भागातल्या मल्लत्तहळ्ळीचा. तिथं परीक्षेचा स्वयंचलित ट्रॅक आहे. शेजारी साहेब बसत नाहीत. आठचा आकडा, एसचं वळण, एचमधून गाडी मागे घेणं, दोन गाड्यांच्या मधली पार्किंग आणि चढ, सगळीकडे जमिनीत सेन्सर आणि खांबांवर कॅमेरे. रेषेला चाक लागलं की नोंद, वेळ जास्त गेला की नोंद. आम्ही सकाळी लवकर पोहोचलो. एलएलआरचा कागद, आधार, गाडीचं आरसी, विमा, पीयूसी, सगळं एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये. परीक्षा ज्या प्रकारच्या वाहनाची, तसंच वाहन आपण न्यायचं असतं. परीक्षेची केंद्रानं ठरवलेली फी 300 रुपये, ती आधीच भरलेली. आठ झाला, एच झाला, पार्किंग झालं. चढावर ती थांबली, निघाली, आणि गाडी वीतभर मागे आली. पडद्यावर नापास.

ती गाडीत बसून रडली. म्हणाली, ‘आजी, एवढंसं तर मागे आलं.’ मी तिला सांगितलं, की त्या यंत्राचा मला आनंद झाला. या निकालाला कुणाची ओळख नाही, कुणाचा आकडा नाही. मंत्र्याची मुलगी असती तरी वीतभर ते वीतभरच. माझ्या सासऱ्यांना त्या फाटकाबाहेर जे हवं होतं ते हेच. यंत्रानं ते दिलं.

पण यंत्र काय देत नाही हेही मला तिथं बसून दिसलं. चढावरचा सेन्सर गाडी किती मागे आली ते सांगतो. मागे कोण आहे याची जाणीव चालवणाऱ्याच्या मनात आहे की नाही, हे त्याला समजत नाही. समोरच्या म्हाताऱ्याचा प्रश्न तो विचारत नाही. हँडल मारणं गेलं, डबल क्लच गेला, चोक गेला, हाताच्या इशाऱ्यांची जागा दिव्यांनी घेतली, आणि आता चढावर गाडी आपोआप धरून ठेवणाऱ्या मोटारी आल्या आहेत. गेल्या सत्तर वर्षांत यंत्राशी झुंजण्याचं एकेक कौशल्य आपल्या हातून सुटत गेलं, आणि त्यात वाईट काही नाही. उरलं आहे ते एवढंच, की आपल्याखेरीज दुसरं कुणीतरी त्या रस्त्यावर आहे हे प्रत्येक क्षणी लक्षात ठेवायचं. हे एकच कौशल्य पहिल्या दिवसापासून खरं होतं आणि तेच कुठल्याही परीक्षेत पुरतं मोजता येत नाही. 2022 या एका वर्षात आपल्या देशात 4,61,312 रस्ते अपघात झाले आणि 1,68,491 माणसं गेली. त्यांतल्या कितीतरी गाड्यांच्या स्टिअरिंगमागे लायसनवालेच बसले होते.

पुन्हा परीक्षेला सात दिवस होते. दुसऱ्या दिवशी पहाटे मी नातीला घेऊन सँकी तलावाकडे गेले. मोठे रस्ते सगळे बदललेत, म्हणून बाजूची एक शांत गल्ली निवडली. मी अडुसष्ट वर्षांची, माझं लायसन आता दर पाच वर्षांनी डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडून नवं करावं लागतं. ते पर्समध्ये ठेवून मी तिच्या शेजारी बसले. गाडीला पुढे-मागे लाल एल. घरात गॅस पेटवायला लायटर आहे, पण देवघरात काडेपेटी असतेच. ती घेतली होती. चढावर गाडी थांबली, मी उतरले आणि काडेपेटी मागच्या चाकाला लावून उभी केली. आता ती कागदी पुठ्ठ्याची, चिरडली तरी आवाज फारसा येत नाही. म्हणून प्रत्येक वेळी नातीनंच खाली उतरून बघायचं, असं ठरवलं. पहिल्या दिवशी तीन गेल्या. चौथी राहिली. मामंजींचे शब्द मी तिला त्यांच्याच बेळगावी बोलीत सांगितले. पुढचे पाच दिवस आम्ही चढ सोडून रस्ता शिकलो. शाळा सुटण्याच्या वेळी शाळेसमोरून, बाजाराच्या दिवशी मल्लेश्वरमच्या एट्थ क्रॉसवरून, पावसात, संध्याकाळच्या अंधारात. कुणासाठी थांबलीस ते रात्री मला सांगायचं, एवढाच गृहपाठ होता. एका रात्री तिनं सांगितलं, हातगाडी ढकलणाऱ्या एका बाईसाठी थांबले, मागचे तीन जण हॉर्न वाजवत होते, तरी थांबले. त्या रात्री मला ती पास झाल्याचं कळलं.

आठव्या दिवशी ट्रॅकवरही ती पास झाली. आता नियम असा आहे, की तिशीच्या आतल्या माणसाला मिळालेलं लायसन तो चाळीस वर्षांचा होईपर्यंत चालतं. म्हणजे माझ्या नातीला आता वीस वर्षं कुणी पुन्हा तपासणार नाही. स्लॉट शोधणाऱ्या प्रत्येक मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना माझं हेच सांगणं आहे. एकतिसाव्या दिवसाची घाई करू नका. कच्चं लायसन सहा महिन्यांचं असतं ते शिकण्यासाठीच. ट्रॅकवरच्या पाच गोष्टी घोटून घ्या, पण त्यांच्या दुप्पट वेळ माणसांनी भरलेल्या रस्त्यावर द्या, शेजारी जुना चालवणारा बसवून. वीस वर्षांचा विश्वास आपल्याला तीस दिवसांच्या तयारीवर मिळतो. ते तीस दिवस पूर्ण वापरा.